‘काय वाचू?’ असं कुणी विचारलं तर: विज्ञानकथा आणि फँटसी सुचवायला नवीन असणाऱ्यांसाठी

आमची परभणीत बारा जणांची पुस्तक भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकानं तीनशे रुपये टाकायचे, ज्याचं नाव निघेल त्यानं त्या पैशात पुस्तकं घ्यायची आणि वाचून झाली की बाकीच्यांना फिरवायची. त्यात मी विज्ञानकथा आणि फँटसीवाला, त्यामुळं नवीन कुणी आलं की "याला विचार, हा सांगंल" म्हणून माझ्याकडं धाडतात. पहिली दोन-तीन वर्षं मी लई चुकीचं सांगितलं. पुस्तकं चांगली होती हो, पण ज्याला दिली त्याच्यासाठी नव्हती, आणि तो माणूस मग या कपाटाकडं परत फिरकलाच नाही. एकदा "हे आपल्याला झेपत नाही" असं मनात बसलं की ते वर्षानुवर्षं निघत नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून आता जे करतो ते सगळं इथं लिहितोय, तुमच्यापैकी कुणी घरात, ऑफिसात, अभ्यासिकेत पुस्तकं सुचवायला लागलं असेल तर उपयोगी पडेल.

पहिली पायरी: आधी त्याला बोलू द्या

"तुला सायन्स फिक्शन आवडतं का" हे विचारू नका. या प्रश्नाला माणूस सिनेमे आठवून उत्तर देतो आणि त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा विचारा की रात्रभर जागून कोणतं पुस्तक संपवलं, आणि दुसरं म्हणजे कोणतं अर्ध्यावर सोडलं आणि कामून सोडलं. हा दुसरा प्रश्न जास्त कामाचा. आवडलेलं सगळे एकसारखंच सांगतात, सोडलेल्या पुस्तकात माणूस खरा सापडतो.

एक उदाहरण देतो. आमच्या भिशीतल्या एका पोस्टात काम करणाऱ्या दादांनी ‘मृत्युंजय’ तीन वेळा वाचलेलं. आता अशा माणसाला सगळेजण पौराणिक फँटसीच देतात, त्यांनाही दिल्या होत्या, शिवाच्या, रावणाच्या, आणि त्यांनी दोन सोडल्या. मी विचारलं काय कमी पडलं, तर म्हणाले "अहो त्यात एकच जण सांगतोय सगळं". तेव्हा माझी ट्यूब पेटली. ‘मृत्युंजय’मधी कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, शोण, वृषाली, कृष्ण, प्रत्येकाच्या तोंडून तीच गोष्ट फिरून येते. त्यांना पुराण नको होतं, त्यांना अनेक तोंडांनी सांगितलेली गोष्ट पाहिजे होती. मग मी त्यांना ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ दिलं, त्यातही दर प्रकरण वेगळ्या माणसाच्या नजरेतून आहे आणि कुणा एकाचीच बाजू खरी वाटत नाही. इंग्रजी जाड पुस्तक, तरी दोन महिन्यांत संपवलं.

म्हणजे विषय जुळवू नका, सांगण्याची तऱ्हा जुळवा. वेग जुळवा, गोष्ट किती माणसांची आहे ते बघा, शेवट गोड लागतो का कडू चालतो ते बघा.

दुसरी पायरी: भाषा आणि वेळ

हे आपल्याकडं फार महत्त्वाचं आहे आणि लोक लाजून विचारत नाहीत. मराठी मीडियममधून आलेला हुशार माणूस इंग्रजी वर्तमानपत्र वाचतो, ऑफिसचे मेल लिहितो, पण तीनशे पानांच्या इंग्रजी कादंबरीला हात लावायला कचरतो. सरळ विचारा, "मराठीत देऊ का इंग्रजीत?" यात कमीपणा काही नाही हे तुमच्या आवाजातून कळलं पाहिजे.

मला इथं आपल्या पैठणची गोष्ट नेहमी आठवते. गुणाढ्यानं ‘बृहत्कथा’ लिहिली ती सातवाहनाच्या प्रतिष्ठाननगरीशी जोडलेली, म्हणजे आपल्या पैठणशी, आणि लिहिली ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत. आख्यायिका अशी की सात लाख श्लोक, स्वतःच्या रक्तानं लिहिलेले, शिष्यांनी अभिमानानं राजाकडं नेले आणि राजानं भाषा बघूनच नाकारले. मग गुणाढ्य रानात बसून एकेक पान जनावरांना वाचून दाखवत जाळत गेला, जनावरं चारा सोडून ऐकत उभी राहिली, आणि राजाला कळून तो धावत आला तोपर्यंत सहा लाख जळाले होते, एक लाख उरले. त्या उरलेल्या कथाच पुढं अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं संस्कृतात ‘कथासरित्सागर’ म्हणून सांगितल्या असं मानतात. राजा काही अडाणी नव्हता, त्याला पुस्तक चुकीच्या भाषेत मिळालं एवढंच.

तर इंग्रजी चालत असेल पण भीती असेल तर साध्या वाक्यांचं पुस्तक द्या. ‘द मार्शियन’ रोजनिशीसारखं लिहिलंय, वाक्यं तुटक, बोलल्यासारखी. मार्था वेल्सचं ‘ऑल सिस्टिम्स रेड’, २०१७ चं, दीडशे पानांच्या आसपास, एका सिक्युरिटीच्या यंत्रमानवाची गोष्ट ज्याला कामापेक्षा मालिका बघण्यात जास्त रस आहे, ते दोन बैठकीत होतं. जुनं वाचायची तयारी असेल तर एच. जी. वेल्सचं ‘द टाइम मशीन’, १८९५ चं, कॉपीराइट संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतं आणि लहान आहे.

वेळेचं म्हणाल तर अभ्यासिकेतली पोरं, नीटवाली, एमपीएससीवाली, यांना कादंबरी देऊच नका. ती पोरं दिवसाला बारा-बारा तास बसतात आणि कादंबरी हातात आली की अपराधी वाटायला लागतं. त्यांना एक कथा द्या. जेवताना वाचून संपेल अशी.

तिसरी पायरी: मराठी कपाट आधी स्वतः वाचा

इंग्रजी नावं पाठ असणारे लई भेटतात, पण "मराठीत काय?" म्हटलं की गप्प. असं होऊ देऊ नका.

सुरुवात जयंत नारळीकरांपासून. त्यांची एक हकीकत नवीन वाचकाला हमखास सांगावी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती स्वतःच्या नावानं नाही तर नारायण विनायक जगताप या टोपणनावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. इतका मोठा शास्त्रज्ञ, पण कथा कथेच्या जोरावर उभी राहते का हे त्यांना बघायचं होतं, ही गोष्ट ऐकली की माणूस पुस्तक हातात घेतोच.

‘यक्षांची देणगी’ हा संग्रह पहिल्यांदा द्यायला उत्तम. इतिहास आवडणाऱ्याला ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा द्या, त्यात पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाला चाटून जाते, आणि पुढचा सगळा इतिहास फिरतो. तिचंच इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावानं आलंय, त्यामुळं सीबीएसईच्या पोरांना "तुमच्या धड्याची मूळ गोष्ट" म्हणून देता येते. कादंबरीच पाहिजे असेल तर ‘वामन परत न आला’ किंवा ‘प्रेषित’.

नारळीकरांच्या पुढं गेलं की लक्ष्मण लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ कथा, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. राजकारणाची चव असणाऱ्याला अरुण साधूंचं ‘विप्लवा’. नारायण धारपांना लोक फक्त भुताचे लेखक समजतात पण त्यांनी विज्ञानकथाही भरपूर लिहिल्यात, आणि ज्याला काळोखातलं आवडतं त्याला फँटसीकडं न्यायला धारपांइतका चांगला रस्ता मराठीत दुसरा नाही असं माझं मत आहे. पोरांसाठी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. भाषांतरांत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आहे, टोल्किनचं ‘स्वामी मुद्रिकांचा’ आहे. ही पुस्तकं दरवेळी दुकानात सापडतीलच असं नाही, संभाजीनगरला गेलात तर औरंगपुऱ्यात चक्कर मारा, नाहीतर गावातल्या वाचनालयाचं मागचं कपाट बघा. आमच्याकडं धारपांची निम्मी पुस्तकं अशी मागच्या कपाटातच निघाली, वाळवी लागायच्या आधी.

चौथी पायरी: त्याच्या आयुष्यातला धागा शोधा

माझ्या मते सगळं काम इथंच होतं.

आमच्या इथं कृषी विद्यापीठ आहे, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तिथला एक पोरगा, बीएस्सी अ‍ॅग्रीचा, मित्रासोबत भिशीला आला होता, म्हणाला "मला ते अवकाशबिवकाश नको काका, मला त्यातलं काही कळत नाही". मी म्हटलं ठीक, एक सांग, बटाट्याचं बेणं लावायचं असेल आणि शेणखत नसेल, मातीत जिवाणूच नसतील, पाणी नसेल, तर काय करशील? तो लगेच बोलायला लागला, थांबेचना. मग मी ‘द मार्शियन’ काढून दिलं. मंगळावर एकटा अडकलेला माणूस वनस्पतिशास्त्रज्ञ आहे, त्याच्याकडं सणासाठी आणलेले थोडे बटाटे आहेत, तो स्वतःची विष्ठा खत म्हणून वापरतो, पृथ्वीवरून आणलेल्या मूठभर मातीतून जिवाणू वाढवतो, रॉकेटच्या इंधनातून हायड्रोजन काढून जाळून पाणी बनवतो आणि रोज कॅलरीचा हिशोब मांडतो.

पोरगा चौथ्या दिवशी आला तो भांडायलाच. वही घेऊन आलेला. म्हणाला, "काका, मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचा विषारी क्षार आहे, २००८ला फिनिक्स यानाला सापडलंय, ते धुतल्याशिवाय कसं काय खायचं?" खरंय त्याचं. पुस्तकाच्या सुरुवातीला माणसाला उडवणारं वादळ आहे, तेही तसंच, मंगळाची हवा आपल्या एक टक्का दाटीची, ती माणसाला उडवणार नाही, लेखकानंही ते मान्य केलंय. पण बघा, अवकाश नको म्हणणारा पोरगा मंगळाच्या मातीवरून माझ्याशी तासभर वाद घालायला लागला होता, वहीत बटाट्याच्या ओळींचं अंतर काढलेलं होतं.

दुसरं ‘ड्यून’. १९६५ चं, जाड, पहिल्या शंभर पानांत परक्या नावांचा भडिमार. मी ते आधी दोघांना दिलं आणि दोघांनीही परत केलं. मग माझ्या लातूरच्या बहिणीला दिलं. ती शाळेत इंग्रजी शिकवते. २०१६ चा उन्हाळा तिनं लातुरात काढलाय, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती तो. तेव्हा तिच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी संडासाला असं चालायचं. तिला मी एवढंच सांगितलं की या पुस्तकात एक असा ग्रह आहे जिथं समोरच्या टेबलावर थुंकणं हा मान देणं असतं, कारण थुंकणारा स्वतःच्या अंगातलं पाणी देतोय. ती काही बोलली नाही, पुस्तक घेऊन गेली. आठ दिवसांनी फोन, "अरे मेलेल्यासाठी रडला तर ते म्हणायलेत यानं मेलेल्याला पाणी दिलं". आणि मग बराच वेळ दोघंही गप्प. तिला त्या परक्या नावांचा काहीच त्रास झाला नाही. शेवटी शब्दार्थ दिलेत तेही तिनं उघडले नाहीत.

तिसरा आमचा भांड्याच्या दुकानवाला मित्र. तांबं अधिक जस्त म्हणजे पितळ, तांबं अधिक कथील म्हणजे कासं, हे त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या. त्याला सँडरसनचं ‘मिस्टबॉर्न’ दिलं, २००६ चं. त्यात लोक धातू गिळतात आणि प्रत्येक धातूतून वेगळी ताकद मिळते, प्रत्येक मूळ धातूला त्याच्या मिश्रधातूची जोडी, आणि मिश्रणाचं प्रमाण चुकलं तर माणूस आजारी पडतो. तो म्हणाला जादू अशी पाहिजे, मापात.

म्हणून तुमच्या वहीत पुस्तकाच्या नावापुढं कथानक लिहू नका, हे लिहा: यात पाणी आहे, यात शेती, यात धातू, यात बदलीवर आलेला अधिकारी, यात म्हातारी आई.

पाचवी पायरी: सांगायचं कसं

तीन वाक्यं. पहिल्यात एक चित्र, दुसऱ्यात अडचण, तिसऱ्यात काय जड जाईल ते प्रामाणिकपणे. उदाहरणार्थ ‘वामन परत न आला’: "खोदकामात एक मोठा पेटारा सापडतो आणि त्यात आपल्या आधी होऊन गेलेल्या प्रगत लोकांचं ज्ञान असतं. त्यावरून आपले शास्त्रज्ञ एक यंत्रमानव बनवायला घेतात, पण ते लोक संपले कशानं हे कुणाला माहीत नाही. मधी मधी शास्त्राची चर्चा येते, ती सावकाश वाचा." झालं. यापुढं बोलायचं नाही. तो विचारेल "मग काय होतं?", तेव्हा पुस्तक हातात द्यायचं.

"मास्टरपीस आहे", "आयुष्य बदलून टाकेल" असलं बोलू नका, ओझं होतं माणसाला. "नाही आवडलं तर तुझ्यात काहीतरी कमी आहे" असं त्याला ऐकू येतं.

सहावी पायरी: काय देऊ नये

संपलेली नसलेली मालिका देताना आधी सांगा. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ १९९६ चं, पाचवा भाग २०११ ला आला आणि सहाव्याची वाट लोक अजून बघतायत. पोस्टातल्या दादांना मी हे सांगितलं नव्हतं आणि पाचवा संपल्यावर ते खरंच नाराज झाले, चूक माझीच. ‘व्हील ऑफ टाइम’ पूर्ण आहे पण चौदा भाग आहेत. ‘मिस्टबॉर्न’चे पहिले तीन भाग म्हणजे पूर्ण गोष्ट.

दुसरं जास्त नाजूक आहे. औशाकडच्या एका सहकाऱ्याला मी एक प्रलयाची कादंबरी दिली होती, शहरं कोसळतात, ढिगारे, तसली. दोन दिवसांत टेबलावर ठेवून गेले, बोलले काहीच नाहीत. नंतर दुसऱ्याकडून कळलं की ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, त्यांच्या घरातले दोघं गेले होते. गणपती विसर्जनाची रात्र होती ती. तेव्हापासून मृत्यू, भूकंप, लहान मूल जाणं, आत्महत्या असलं काही पुस्तकात असेल तर मी देतानाच सांगतो. गोष्ट थोडी फुटली तरी चालेल. आपल्या भागात किती घरांत काय होऊन गेलंय हे वरून दिसत नाही.

आणि श्रद्धेच्या ठिकाणी हात घालू नका. पैठणला माउलींनी रेड्यामुखी वेद वदवले हे आमच्या घरातल्यांसाठी खरं आहे, त्याला "ही पण फँटसीच की" म्हणून पुस्तक पुढं करणारे मी पाहिलेत, समोरचा दुखावतो आणि पुस्तकही वाचत नाही. एक निवृत्त गुरुजी मला म्हणायचे हे सगळं परदेशी खूळ आहे. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, ते संस्कृतचे होते म्हणून ‘कथासरित्सागर’चा विषय काढला, त्यात लाकडी यंत्रमाणसांचं एक अख्खं नगर आहे, हे त्यांनाच माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तासभर त्यांनीच सांगितलं, मी ऐकलं. उठताना मी ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ठेवून आलो, १९६८ चं, छोटं, त्यात वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर ताबा येतो. गुरुजींनी ते वाचलं आणि समासात पेन्सिलीनं टिपा लिहून परत दिलं. ती प्रत मी आता कुणालाच देत नाही.

सातवी पायरी: एकच द्या आणि नंतर विचारा

यादी पाठवू नका. दहा नावांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की ती तिथंच राहते. एक पुस्तक, जमलं तर प्रत्यक्ष हातात.

पंधरा दिवसांनी "वाचलं का?" नाही विचारायचं, त्यात मास्तर दिसतो. "कुठपर्यंत आलायस?" असं विचारा. पन्नास पानांनंतर ओढत नसेल तर बंद कर म्हणून सांगा आणि कुठल्या पानावर थांबला ते वहीत लिहून ठेवा. चाळिसाव्या पानावर थांबला तर नावांनी अडवलं असेल, दोनशेव्यावर थांबला तर माणसं पटली नसतील. पुढचं पुस्तक त्यावरून ठरवायचं.

आणि कधी कधी पुढचं पुस्तक वाचकच ठरवतो. अभ्यासिकेतल्या एका मुलीला मी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ची झेरॉक्स दिली होती, नीटची तयारी करणारी, फार कमी बोलणारी. त्या कथेत ‘भाऊसाहेबांची बखर’ येते, तिचं एक पान वेगळंच निघतं. महिन्याभरानं ती वाचनालयात आली आणि म्हणाली, "काका, ही बखर खरंच आहे का?" म्हटलं आहे की. दोघांनी मिळून कपाट धुंडाळलं, जुनी प्रत निघाली, पानं पिवळी पडलेली. ती उभ्या उभ्याच पानं उलटत विश्वासरावांपर्यंत आली, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं लागली गोळी." मग बॅग खाली ठेवून तिथंच खुर्ची ओढून बसली.